एका युनिटमागे किती पाणी?



सिद्धेश्वराच्या या सोलापुरात आपण मला या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याआधी या खुर्चीवर बसलेल्यांनी वीजक्षेत्राचा सर्वांगीण आढावा घेण्याची प्रथा घालून दिली आहे. ती मी थोडक्यात पाळतो.

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने सांगितले की, २०३० पर्यंत आपण ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारू आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. याचा मला अभिमान आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच आहे. आपल्या राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, राळेगणसिद्धीत तिचा पहिला प्रकल्प आला. आज हजारो मेगावॅटची कामे चालू आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागली. जुन्नरकडचा शेतकरी बिबट्याच्या भीतीने हातात काठी घेऊन रात्री मोटर चालू करायला जायचा. त्याला विचारा, दिवसाची वीज म्हणजे काय ते. या योजनेच्या बाजूने मी नेहमीच बोलत आलो, आजही बोलतो.

आढावा इथे संपला. आता जे बोलण्यासाठी मी इतकी वर्षे थांबलो, ते बोलतो.

वीज तयार करण्याच्या टोकाला आपण सूर्य बसवला. वापरण्याच्या टोकाला काय बसवले आहे? तीनदा जळून रिवाइंड केलेली मोटर, गळका फुटव्हॉल्व्ह, गरजेपेक्षा बारीक पाइप आणि कपॅसिटरची रिकामी जागा. फुटक्या रांजणात पाणी ओतावे, तशी आपण या टोकाला स्वच्छ वीज ओततो आहोत.

हिशेब सरळ आहे. एक लाख लिटर पाणी तीस मीटर उंच उचलायला निसर्ग सुमारे सव्वाआठ युनिट मागतो, त्याहून जास्त नाही. मोटर आणि पंप मिळून पन्नास टक्के कार्यक्षम असतील तर साडेसोळा युनिट लागतील. मी विहिरींवर जे पंप तपासले, त्यांतले बरेच पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे तेहतीस युनिट. पाणी तेवढेच, उंची तेवढीच, आणि साडेसोळा युनिट उष्णता, घर्षण आणि गळती होऊन गेली. कोळशाच्या केंद्रात एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो. एका भिजवणीमागे किती कोळसा फुकट गेला, हे आपण सगळे मनात मांडू शकता. शिवाय शेतापर्यंतच्या लांब तारांत जाणारी वीज वेगळीच.

सौरपंपाच्या सरकारी मानकात एक गोष्ट लिहिलेली असते: पॅनेलच्या एका वॅटमागे दिवसाला किती लिटर पाणी निघालेच पाहिजे. पॅनेल महाग पडते, म्हणून कारखानदार स्वतःहून चांगला पंप शोधतो. मग तारेवरच्या पंपाला हा प्रश्न कोणी का विचारत नाही? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ पासून काम करतो. शेतीपंपालाही तारांकन आहे. पण एका युनिटमागे किती पाणी, हा प्रश्न आजवर एकाही ग्रामसभेत आणि एकाही बांधावर मी ऐकलेला नाही. माझी तक्रार ही आहे.

आपल्या संमेलनांत एक वाद कित्येक वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ आहे, वीज फुकट असताना शेतकरी ती कशाला वाचवेल? दुसरा पक्ष म्हणतो, दर लावा म्हणजे वाचवेल. दोघेही विहिरीवर गेलेले नाहीत. सांगोल्याकडे एका डाळिंबाच्या बागेत मी मोटर तपासायला गेलो होतो. बाग सांभाळणाऱ्या आजींना मी बिलाची बचत समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "बिलाचं राहू द्या. आठ तासांत माझं शेवटचं वाफं भिजत नाही, त्याचं काय ते सांगा." आम्ही त्यांचा अडीच इंची पाइप काढून तीन इंची टाकला, दोन अनावश्यक बेंड काढले, फुटव्हॉल्व्ह बदलला. पाइपचा व्यास एवढा वाढला की घर्षण साधारण अडीच पटीने उतरते, हे पुस्तकात आपण सगळे शिकलो आहोत. वीज जाण्याआधी शेवटचा वाफा भिजला. पुढच्या हंगामात त्या वस्तीवरच्या शेजाऱ्यांनी आपणहून पाइप बदलले. दर लावला नव्हता, अनुदान आले नव्हते. शेतकरी रुपये मोजत नसेल, पण तास मोजतो. त्याच्या तासात पाणी वाढवा, वीज आपोआप वाचते. हा वाद माझ्यापुरता त्या बागेत मिटला.

दुसरा वाद कपॅसिटरचा. बार्शीकडच्या एका शिवारात मी कपॅसिटर लावा म्हणून सांगत हिंडत होतो. एक तरुण शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, कपॅसिटर मी विकत घ्यायचा, अन् फायदा तुमच्या तारेला. माझ्या पिकाला काय?" त्याचे बरोबर होते. पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ वर गेला की तारेतला प्रवाह पाचव्या हिश्श्याने कमी होतो आणि तारेतली हानी अडतीस टक्क्यांच्या आसपास घटते. पण एकट्याने लावला तर त्या एकट्याला काहीच जाणवत नाही. म्हणून आम्ही एका डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरींना एकाच आठवड्यात कपॅसिटर बसवले. ऑटो स्विच काढून टाकले, कारण त्यांच्यामुळे वीज आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी तिथेच बसते. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला व्होल्टेज मिळू लागले. हा माणूस दर रब्बीला मोटर खांद्यावर घेऊन गावात रिवाइंडिंगला जायचा. त्या वर्षी गेला नाही. शेतकरी एकत्र येत नाहीत, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे सांगतो. भारनियमनाच्या काळात अक्षय प्रकाश योजनेखाली अनेक गावांनी संध्याकाळी मोटरी बंद ठेवल्या, तारेवरचे चोरीचे आकडे काढले आणि घरातला दिवा टिकवला. तेही शेतकरीच होते. त्यांच्या समोर त्यांचाच फायदा होता, एवढाच फरक.

हे सगळे नवे नाही. याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याकडे, ब्यूरोचा जुने शेतीपंप बदलून कार्यक्षम पंप बसवण्याचा पथदर्शी प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या अशा प्रकल्पांपैकी तो एक. त्यानंतर मी माझ्या मोजणीचे अहवाल घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी ते नीट वाचले आणि विचारले, "पण यात उभारण्यासारखे काय आहे?" मला आजही त्या प्रश्नाचा राग येतो. ज्या कामाला कोनशिला बसत नाही, ते काम नाही, अशी आपल्या साऱ्या क्षेत्राची समजूत झाली आहे. वाचलेल्या मेगावॅटला जमीन लागत नाही, पाणी लागत नाही. परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्याच्या माणसाला मी हे वेगळे सांगायला नको.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पंप सुधारला, तासाला पाणी वाढले, तर भूजल आणखी उपसले जाईल. जाईल, हे खरे. सौरपंपानेही जाईल, कारण त्याला दिवसभर इंधनखर्च नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी संस्था काढून उरलेली सौरवीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. न उपसलेल्या पाण्याचे तिथे पैसे मिळू लागले. अशी वाट महाराष्ट्रालाही शोधावी लागेल, ठिबक आणि पीकपद्धतीचा विचारही करावा लागेल. पण भूजल वाचावे म्हणून खराब पंप तसाच ठेवा, हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपल्याकडे २००९ चा भूजल कायदा आहे. पाण्याची मर्यादा त्याने घालावी. विजेच्या नासाडीने पाणी राखले जात नाही. बोअर खोल जाते आणि मोटर मोठी होते, एवढेच होते. मी ते तालुक्यामागून तालुक्यात पाहिले आहे.

आता परिषदेने काय करावे? प्रत्येक कृषी डीपीवर मीटर असावा, ही मागणी आपण लेखी करू. पंप तपासण्याची एक सोपी पद्धत ठरवू: बादली, घड्याळ, टेप आणि क्लॅम्प मीटर यांत भागेल अशी. तालुक्याच्या गावी मोटर भरून देणारे जे कारागीर आहेत, त्यांना आपण आजवर या सभागृहात बोलावले नव्हते. यंदा ते आले आहेत. कोणत्या डीपीवर किती मोटरी जळतात, कोणत्या मोटरीवर तीन अश्वशक्तीची पट्टी आणि आत पाचची तार आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यासाठी प्रशिक्षण आखायला हवे, त्याचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा. सौर वाहिनीचा प्रत्येक नवा प्रकल्प ज्या फीडरवर येतो, त्या फीडरवरचे पंप आधी तपासले जावेत, यासाठी आपण सरकारकडे जाऊ. तेवढी वीज वाचली तर त्याच प्रकल्पातून आणखी शिवारांना दिवसा पाणी देता येईल.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण बॅटरी, हायड्रोजन आणि उदंचन प्रकल्पांवर काम करत आहात. ते जरूर करा, देशाला त्याची गरज आहे. पण गावी जाल तेव्हा क्लॅम्प मीटर बरोबर न्या. आपल्या घरच्या विहिरीवर, काकांच्या, मामांच्या विहिरीवर उतरा, मोटर चालू करा आणि एका युनिटमागे किती पाणी निघते ते मोजा. आकडा वहीत लिहा आणि पुढच्या अधिवेशनात ती वही घेऊन या.