फावला वेळ कुणाचा?

(करकंब येथे महिलांच्या बैठकीत झालेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



मला निरोप आला तो असा, की बाई, तुम्ही क्रोशा शिकवता ना, मग त्यावरच बोला, काहीतरी हलकंफुलकं. जड विषय बाकीचे वक्ते घेतील. मी हो म्हणाले. पण घरी बसून विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आमच्या घरात क्रोशा कधी हलका नव्हताच. म्हणून आधी थोडं जड ऐकून घ्या, मग सुई हातात घेऊ.

माझी अम्मी क्रोशा विणायची. ताटावरचे रुमाल, रेडिओवरचा रुमाल, नमाजाच्या टोप्या, दाराची तोरणं. आमच्या गल्लीतल्या किती लग्नांच्या रुखवतात तिच्या हातचे रुमाल मांडलेले मी पाहिलेत. नवरीकडच्या बायका विचारायच्या, 'कुणी विणलं हो?' आणि नवरीची आई हसून म्हणायची, 'आमच्या पोरीनंच.' अम्मी तिथेच बसलेली असायची, पण एक शब्द बोलायची नाही. त्याचे पैसे तिला मिळालेले असायचे ना.

1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गावातल्या बायका खडी फोडायला जात होत्या. आमच्या अब्बांना ते मंजूर नव्हतं. घरात दाणा नसला तरी चालेल, पण बायको रस्त्यावर खडी फोडताना दिसायला नको, असा तो काळ. मग अम्मीनं पंढरपुरातल्या एका दुकानदाराकडून दोरा आणवला. तो दोरा वजन करून द्यायचा आणि तयार रुमाल वजन करून घ्यायचा. वजनात जरा कमी भरलं की पैसे कापायचा. चिमणीच्या उजेडात ती रात्री विणायची. तिचे डोळे त्या दोन वर्षांत गेले, असं मी म्हणते. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत.

आता माझी चूक सांगते. मी पुढे शाळेत शिक्षिका झाले. 1991 च्या जनगणनेत फेब्रुवारीत मला ड्युटी लागली, आणि आमचीच गल्ली माझ्या वाट्याला आली. फॉर्ममध्ये प्रश्न होता की गेल्या वर्षभरात कधीही काही काम केलं आहे का? घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपैशाचं केलेलं कामसुद्धा धरा, अशी सूचनाही त्यात होती. मी अम्मीला रीतसर विचारलं. तिच्या हातात सुई होती, मांडीवर अर्धी झालेली टोपी होती. ती म्हणाली, 'कायका काम करती मैं? घर में च तो बैठी हूँ.' आणि मी लिहिलं, घरकाम. म्हणजे काम न करणारी.

मी गणित शिकवणारी बाई. शाळेची माझी पहिली फी त्या टोप्यांतून भरलेली होती, हे मला माहीत होतं. तरी मी तसंच लिहिलं, कारण तीही तसं म्हणत होती आणि मलाही ते तसंच वाटत होतं. फावल्या वेळात करते, म्हणजे काम कसलं?

खूप वर्षांनी एका पुस्तकाबद्दल वाचलं तेव्हा ही गोष्ट मला नीट टोचली. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर आहे. तिथे हजारो बायका क्रोशाची लेस विणतात, मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिकडे हे काम नेलं. मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंनी त्यांच्यावर अभ्यास केला, पुस्तक 1982 साली आलं. त्या बायका घरचं सगळं उरकून दिवसाला सहा-आठ तास विणत होत्या, ती लेस परदेशात विकली जात होती, व्यापारी मोठे होत होते. आणि या बायकांना म्हणत काय, तर 'घरी बसून फावल्या वेळात विणतात'. फावला म्हटलं की मजुरी कमी दिली तरी चालते. हे वाचलं आणि मला त्या फॉर्मवरचं माझं स्वतःचं अक्षर आठवलं.

क्रोशाची एक गोष्ट लक्षात ठेवा. शिवणाला यंत्र आलं, स्वेटरला आलं, आपल्या सोलापुरी चादरीचे माग तर विजेवर चालतात. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण क्रोशाचा खरा टाका अजून हातानंच घालावा लागतो. म्हणून बाजारात शंभर-दीडशे रुपयांना खऱ्या क्रोशाचं काही दिसलं, की समजा, कुठलीतरी बाई रात्री जागली आहे. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हाही मठांतल्या जोगिणींनी बायकांना क्रोशा शिकवला आणि त्यावर घरं जगली. दुष्काळ आणि क्रोशा यांचं नातं आपल्याच गावात होतं असं नाही.

मग मी छंद छंद का करते? कारण मी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत सुई धरली नव्हती. मला तिचा राग होता. निवृत्त झाल्यावर एकदा अम्मीचा डबा उघडला. त्यात एक गोल रुमाल निघाला, अर्धाच, सुई तशीच अडकवलेली. मी तो पुढे विणायला घेतला आणि जमेना. तिचा हात घट्ट, माझा सैल. जोड लगेच दिसायचा. शेवटी तो तसाच ठेवला आणि नवीन गोल सुरू केला. तेव्हा जाणवलं, की हे करताना मला कुणी वजन करून घेणार नाहीये. कुणाच्या रुखवताची तारीख नाहीये. उसवलं तरी माझंच नुकसान. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं, की अम्मीला हे आवडतही असणार. ते तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

तर आता सुईकडे येऊ. पुस्तकांतले नमुने बघून घाबरू नका. ती बहुतेक थंड मुलखातली, लोकरीची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, लोकर हातात धरवत नाही. आपण सुती दोरा घ्यायचा, शिकताना जरा जाड, आणि अडीच मिलिमीटरची सुई. टाके तीनच शिका: साखळी, मुका खांब, खांब. आणि एकच आकार शिका, गोल. वर्षभर पुरतो.

पाच साखळ्यांची कडी करा. तिच्यात बारा खांब. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन, झाले चोवीस. तिसऱ्या ओळीत एकावर एक, पुढच्यावर दोन, असं करत गेलात की छत्तीस. चौथीत अठ्ठेचाळीस. दर ओळीला बारा वाढले की गोल सपाट राहतो. हे मी गणिताची बाई म्हणून सांगत नाही, तुम्हीच जमिनीवर ठेवून बघा. उन्हाळा लागला की हा गोल माठाच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठा करा, कडेला मणी ओवा. मण्यांच्या वजनानं झाकण उडत नाही.

रमजान आला की तोच गोल, पण वाढवणं मध्येच थांबवायचं. वाढवलं नाही की कडा आपोआप खाली वळते आणि टोपी होते. कुठे थांबायचं? डोक्याचा घेर घ्या, त्याला 3.14 नं भागा. घेर 56 सेंटीमीटर असेल तर गोल साधारण 18 आडवा. सूत ताणतं, म्हणून मी 17 लाच थांबते. थंडीत शेजारच्या बाळंतिणीला टोपडं द्यायचं असेल तर तान्ह्या बाळाचं डोकं 35 च्या आसपास, म्हणजे गोल 11 चा. अम्मीला भागाकार येत नव्हता. ती मुठीनं मोजायची आणि तिची टोपी कधी चुकली नाही, हेही सांगून ठेवते.

पावसाळ्यात दोरा विकत घेऊच नका. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा, गाठी मारून गुंडाळा, जाड लाकडी सुईनं तोच गोल विणा. दारातलं पायपुसणं. चिखल आपल्याकडे कमी नसतो.

आणि चुकलात तर? सगळ्यांचा गोल पहिल्यांदा बिघडतो. जास्त खांब घातले की कडेला झालर येते, सपाट बसतच नाही. उसवण्याआधी एक ऐका. गणितात अशा झालरीसारख्या पृष्ठभागाचा अभ्यास होत होता, पण तो हातात धरून दाखवायचा कसा, ही अडचण होती. कागदाचे नमुने फाटायचे. 1997 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना तायमिना बाईंनी तो क्रोशानं विणून दाखवला. दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेल्या, बस. आपण ज्याला बिघडलं म्हणतो ते त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. शाळेत असताना हे मला ठाऊक असतं तर मी फळा सोडून सुईच घेऊन वर्गात गेले असते.

परवा एकीनं मला विचारलं, 'मॅडम, शिकून झाल्यावर ऑर्डर मिळवून द्याल का?' ती द्राक्षबागेत विरळणीला जाते, दिवसभर हात वर करून उभी असते. तिला पैशाची गरज आहे, मी नाही कशी म्हणू? विकायचं असेल तर जरूर विका. पण तास मोजून ठेवा, एका टोपीला किती लागले ते वहीत लिहा, आणि भाव त्यावरून सांगा. गिऱ्हाइकाला फावला वेळ हा शब्द ऐकवू नका. आणि पुन्हा कधी कुणी दारात फॉर्म घेऊन आलं, तर ती वही दाखवा.

मात्र पहिला गोल विकायचा नाही. नणंदेला नाही, जावेला नाही, लेकीच्या लग्नासाठी पेटीतही नाही. वाकडा असला तरी स्वतःच्या माठावर घाला. घरात विचारतील, 'खाली बैठ के क्या कर रही?' विणतेय म्हणून सांगा. कुणासाठी, असं विचारलं तर माझ्यासाठी म्हणा. सुरुवातीला तोंडातून निघत नाही तो शब्द, मला माहीत आहे. मला दोन महिने लागले.

चला. वीस सुया आणल्यात, दोरा सगळ्यांना पुरेल. कडेवर मूल आहे त्यांनी भिंतीकडे बसा, टेकायला मिळेल. चष्मा विसरलेल्यांनी खिडकीजवळ या. डावखुऱ्या कोण कोण आहेत? तुम्ही माझ्या शेजारी नको, समोर बसा. आरशात बघितल्यासारखा माझा हात दिसेल, तसाच चालवा. पहिली गाठ अशी.