हद्दीवर थांबलेली तक्रार



आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत येते आणि त्या दिवशीचा मुक्काम नातेपुत्यास पडतो. लाखो वारकऱ्यांचा भार एका रात्रीपुरता अंगावर घेणाऱ्या या गावात मुक्कामाच्या आधी ज्या त्वरेने खड्डे बुजतात, बंद दिवे लागतात, गटारे उपसली जातात आणि चौकाचौकांत बंदोबस्त उभा राहतो, ती त्वरा पाहिली म्हणजे आपल्या कारभारात सामर्थ्याची वाण आहे, असे म्हणवत नाही. त्या दिवसांत प्रत्येक कामाला एक धनी असतो, एक तारीख असते आणि नगरपंचायत, बांधकाम खाते, महामार्गाचे अधिकारी, वीज कंपनी व पोलीस ही सारी मंडळी एका बैठकीस बसलेली असतात. वर्षाच्या उरलेल्या काळात मात्र दारापुढचा रस्ता खचला म्हणून अर्ज घेऊन निघालेल्या गृहस्थाला हा एकोपा कोठेच आढळत नाही. त्याला आढळते ती हद्द.

कायद्याची तरतूद नाही, असे नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या 49 व्या कलमात सार्वजनिक रस्ते राखणे व त्यांवर दिवे लावणे हे नगर संस्थेचे आवश्यक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आणि खड्ड्यांविषयीच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 2015 सालीच असे म्हटले की, सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. परंतु गावातून जाणारा एक रस्ता नगरपंचायतीचा, दुसरा जिल्हा परिषदेचा, तिसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि चौथा राष्ट्रीय महामार्गाचा असतो, हे चिखलातून वाट काढणाऱ्या माणसाला कसे कळावे? त्याचा अर्ज बारनिशीत नोंदला जातो, त्याला पोचही मिळते, आणि काही काळाने ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर येते. उत्तर खरे असते, आणि तरीही त्याने तक्रार मरते.

नातेपुत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ग्रामपंचायत जाऊन येथे नगरपंचायत आली, आणि 2021-22 च्या निवडणुकीने तिला 17 सदस्यांचे पहिले सभागृह लाभले. त्याने अधिकार वाढले, मुख्याधिकारी आले. पण वर्षातून किमान चार वेळा भरणारी, जिच्यात कोणाही मतदाराने उभे राहून गटाराचा जाब विचारावा, ती ग्रामसभा या स्थित्यंतरात गेली. तिची जागा भरून काढणे हे नव्या संस्थेचे पहिले काम समजले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या हद्दीच्या प्रश्नाचा विचार आपल्या मुलखात फार पूर्वी झालेला आहे. पेशवाईचा अंत झाल्यावर एल्फिन्स्टन साहेबाने 1819 साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावे, माग पुढे गेला असेल तर तो शेजारच्या गावाच्या जागल्याच्या स्वाधीन करावा, आणि त्याने तो तसाच पुढच्या शिवेपर्यंत न्यावा. ज्या गावात माग हरवेल त्या गावावर भरपाईचा बोजा पडे. म्हणजे हद्द आली तरी काम थांबत नसे, ते हातोहात दुसऱ्याकडे सोपवले जाई, आणि ज्याची चोरी झाली त्याला गावोगाव हिंडावे लागत नसे. या व्यवस्थेचा गौरव करताना एक अन्याय विसरता येत नाही: रात्रीचा पहारा, अपुऱ्या बलुत्यावरची चाकरी आणि वर भरपाईची धास्ती हे सारे ओझे महार व रामोशी समाजांच्या माथी जन्माने मारलेले होते. ती जातिबद्ध चाकरी गेली, हे उत्तमच झाले; माग हातोहात सोपवण्याची शिस्त मात्र तिच्याबरोबर जाण्याचे कारण नव्हते.

पोलिसांचा विषय येथेच जुळतो. भिवंडीत 1984 साली भीषण दंगल झाली. पुढे 1988 पासून तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, आणि त्यांत वजनदार पुढाऱ्यांपेक्षा सामान्य रहिवाशांना व साध्या पोलीस शिपायांना स्थान दिले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय पुष्कळ अंशी या समित्यांतून जुळलेल्या पोलीस व रहिवाशांच्या नित्याच्या ओळखीला दिले जाते. नातेपुत्यासारख्या ठिकाणी दंगलीचा नव्हे, तर रोजच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो, आणि तिचा निम्मा भाग रस्त्यातच पडलेला असतो. दिवा नसलेल्या बोळात चोरी होते, खचलेल्या मोरीवर दुचाकी घसरते, उसाची ट्रॉली वळणावर कलंडते. कोणत्या जागी माणसे वरचेवर पडतात, हे पोलीस ठाण्याच्या दप्तराला ठाऊक असते; नगरपंचायतीच्या दप्तराला ते कळवण्याचा रिवाज नसतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. बीट अंमलदाराने आपल्या फेरीत बंद दिवा व धोक्याचा खड्डा यांचीही नोंद घ्यावी आणि ती दर आठवड्यास मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावी. दर महिन्यास प्रत्येक प्रभागात नगरसेवक, अभियंता आणि बीट अंमलदार यांनी रहिवाशांसमोर एकत्र बसावे. रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल तर अर्ज नागरिकाच्या हाती परत न देता नगरपंचायतीनेच तो त्या खात्याच्या नोंदवहीत दाखल करून तेथील क्रमांक अर्जदारास कळवावा. आणि डांबराच्या कामाला पावसामुळे खंड पडत असेल, तर तेवढ्या अवधीत खड्ड्यातले पाणी काढून तो खडी-मुरुमाने नीट धुमसून घ्यावा, कडेला अडथळा उभारून रात्री दिसेल अशी खूण ठेवावी, आणि दुरुस्ती कोण व केव्हा करणार हे त्या प्रभागातील फलकावर लिहावे.