दर रविवारची गोष्ट

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील ज्येष्ठ आणि समोर बसलेली मंडळी,

‘मंडळी’ हा शब्द मी आज मुद्दाम उच्चारतो आहे. आपल्या भाषेत जमलेल्या लोकांना मंडळी म्हणतात, घरच्या माणसांनाही म्हणतात, आणि जुन्या पिढीतला गृहस्थ बायकोचा उल्लेखसुद्धा ‘आमची मंडळी’ असा करी. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात चर्च या अर्थी हाच शब्द आला. त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती माणसाने ‘आमची मंडळी’ म्हटले की त्यात इमारत आधी येत नसे, माणसे आधी येत. या एका शब्दाच्या आधाराने मला आज विसाव्या शतकाच्या आरंभीचे अहमदनगर तुमच्यापुढे मांडायचे आहे. तेही रविवारचे नगर.

अध्यक्षपदाचा मान दिलात याबद्दल ऋणी आहे. आभाराचे इतर शब्द शेवटी भेटीत बोलेन; आता विषयाकडे वळतो.

स्थानिक इतिहासाचे काम करताना एक गोष्ट मला फार छळत आली. एकदाच घडते ते माणूस लिहून ठेवतो. दंगल, दुष्काळ, पायाभरणी, कोणा मोठ्या साहेबाची भेट, यांची नोंद सापडते. दर आठवड्याला घडते ते मात्र कोणी लिहीत नाही, कारण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा घडणारच असते. आणि माणसांचे आयुष्य घडवते ते नेमके हेच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये नगरलाच निघाले. या तारखा आपल्याला पाठ आहेत. मिशनचे अहवालही आहेत. पण ते अहवाल समुद्रापलीकडच्या वर्गणीदारांसाठी लिहिलेले. किती बाप्तिस्मे झाले, किती शाळा चालल्या, किती पैसे लागले, हे त्यांत मिळते. रविवारी सकाळी सतरंजीवर कोण कोणाच्या शेजारी बसले, हे मिळत नाही.

ते मला आजीकडून मिळाले. माझी आजी १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतून वाचलेली, मिशनच्या शाळेत शिकलेली. तिच्या सांगण्यात रविवार सुरू होई तो शनिवारी संध्याकाळी, लुगडी धुण्यापासून. सकाळी पहिली घंटा झाली की वेण्याफण्या, दुसरी झाली की घराबाहेर पाऊल. पायताणे दाराशी काढायची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका, आणि पुढे मुले, पाळकांच्या डोळ्यांसमोर. शब्बाथशाळा आधीच झालेली असे आणि तिथे पाठ केलेले वचन मुले ओठांतल्या ओठांत घोळवत बसत. मग गायन, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, अर्पण, आशीर्वाद. क्रम ठरलेला. आजीला त्यातला उपदेश फारसा आठवत नसे. आठवत ती गाणी, आणि त्याहून अधिक आठवत त्या सूचना.

सूचना हा भाग आज आपण उरकून टाकतो. त्या काळी तो मंडळीचा प्राण होता. उपदेशाच्या आधी किंवा नंतर पाळक उभे राहून सांगत: अमक्याच्या घरी मुलगी झाली, तमका तापाने पडला आहे, त्याच्याकडे रात्री बसायला दोघे जण हवेत, या दोघांच्या लग्नाची सूचना वाचतो, कोणाची हरकत असेल तर सांगावी, राहुरीकडच्या एका गावात शिक्षक पाहिजे, बुधवारी प्रार्थनासभा कोणाच्या घरी. ज्या माणसांना अजून वाचता येत नव्हते त्यांचे वर्तमानपत्र हेच. आणि हेही लक्षात घ्या की यांतल्या बहुतेकांची बातमी त्याआधी कोणत्याही गावाने, कोणत्याही चावडीवर, कधी मोठ्याने वाचून दाखवली नव्हती. त्यांच्या घरी मूल झाले हे भरल्या सभेत सांगण्याजोगे आहे, असे प्रथम या रविवारांनी ठरवले.

इथे मला जातीबद्दल बोलले पाहिजे, आणि घाईत बोलता येणार नाही.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. ब्राह्मण मोजके. हरिपंत ख्रिस्ती हे त्या मोजक्यांतले आरंभीचे नाव, पुढे नारायण वामन टिळक. महार आणि मांग यांच्यातही परस्परांत रोटीव्यवहार नव्हता. हे सारे लोक बाप्तिस्मा घेऊन आत आले तेव्हा पिढ्यांची ओवळ्या-सोवळ्याची सवय दाराबाहेर पायताणांजवळ राहिली नाही. ती आत आली. लग्ने पुष्कळ काळ आपापल्या जुन्या जातीतच होत राहिली. हे आपण झाकू नये. पण त्याच जागी प्रभुभोजन होते. एक भाकर मोडली जाई आणि एकच पेला हातोहात फिरे. ज्या मुलखात पाणवठे वेगळे, त्या मुलखात एका पेल्याला पाच जातींचे ओठ लागत होते. कोणी पहिल्या वेळी डोळे मिटले असतील, कोणी नुसते ओठ टेकवले असतील. पण पुढच्या वेळी पेला पुन्हा आला, त्याच्या पुढच्या वेळीही आला. मोठ्या भाषणाने जे बदलत नाही ते अशा पुन्हा पुन्हा येण्याने थोडे थोडे झिजते, असे माझे मत आहे, आणि ते मी नगरच्या मंडळीवरून बनवले आहे.

याला एक साक्षीदार आहे, आणि मराठीत तिच्या तोडीची साक्ष दुसरी नाही. लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या पाच वर्षांत त्या काही काळ दूर राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, तरी चूल वेगळी ठेवून, सोवळे सांभाळून. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि तो सुटल्यावर मगच त्यांच्या हाताने परक्याचे अन्न घेतले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले तेव्हापासून आपण ते आत्मचरित्र म्हणून वाचतो, त्यातल्या मोकळ्या मराठीचे कौतुक करतो. माझी विनंती आहे की ते एकदा नगरच्या मंडळीचे दप्तर म्हणून वाचावे. कोण कोणाच्या घरी जेवले, कोणाचे मूल कोणाच्या घरी वाढले, प्लेगच्या छावणीत रोग्यांजवळ कोण बसले, हे सगळे त्यात आहे. टिळकांच्या घरात बालकवी ठोंबरेही राहून गेले. तिथल्या पंगतीत कवी, पोरकी मुले आणि पाहुणे एकत्र जेवत होते.

पोरक्या मुलांचा उल्लेख सहज केला नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला आणि मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुले मोठ्या संख्येने आली. मिशनरी रॉबर्ट ह्यूम, ज्यांनी आयुष्याची पन्नासेक वर्षे नगरला दिली, त्यांना त्या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पदकाची नोंद सर्वत्र आहे. मी वेगळ्या गोष्टीचा विचार करतो. शंभर मुले रविवारी पुढच्या सतरंजीवर येऊन बसली तेव्हा मागे बसलेल्या मंडळीचे काय झाले असेल? ज्यांचे आईबाप कोणाला माहीत नाहीत, जात विचारायला कोणी उरले नाही, अशी ही मुले. पुढे त्यांतूनच शिक्षक झाले, विणकर झाले, सुतार झाले, बायबलबाया झाल्या. नगरच्या मंडळीची पुढची पिढी काही अंशी या दुष्काळाने घडवली, आणि ‘तुमचे मूळ गाव कोणते’ या प्रश्नाला आजही काही घरांत उत्तर नसते ते त्यामुळे.

आता गाण्यांकडे येतो. माझे मन सर्वांत अधिक तिथे रमते.

आरंभीची बरीच गायने इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि विलायती चालींवर म्हटली जात. मराठी शब्दाचा आघात एकीकडे, चालीचा ठोका दुसरीकडे. ऱ्हस्व अक्षर ताणले जाई आणि दीर्घ अक्षर गिळले जाई. भाबड्या श्रद्धेने लोक ती म्हणत. पण गळा आपला असेल तर गाणेही आपल्या वळणाचे हवे, हे नगरमध्ये फार लवकर ओळखले गेले. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले: पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, टाळ, मृदंग, आणि आख्यान येशूच्या चरित्राचे. मग टिळक आले. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघड सांगत. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, आणि ‘उपासनासंगीत’ हे गायनांचे पुस्तक उघडले की आजही त्यांचे नाव पानोपानी भेटते. ज्या माणसांच्या पूर्वजांना पंढरीच्या मंदिराची पायरी ओलांडता येत नव्हती, त्यांच्या नातवंडांनी दर रविवारी सभेच्या मध्यावर बसून अभंग म्हटला. मराठी कवितेच्या इतिहासात या घटनेला एक प्रकरण मिळायला हवे होते. ते मिळालेले नाही, याचे मला दुःख आहे.

दिवाळीच्या आसपास, पावसाळा सरल्यावर, नगरला मंडळ्यांची वार्षिक सभा भरे. मंडळ्यांच्या या संघाला ‘ऐक्य’ म्हणत. वडाळा, राहुरी, शिरूर अशा ठिकाणांहून लोक बैलगाड्यांनी, पायी, आगगाडीने येत. दिवसा कारभाराची बोलणी, रात्री कीर्तने. आजी सांगे की त्या रात्री मुलांना कोणी झोपायला सांगत नसे.

खेड्यांतला रविवार मात्र वेगळा होता, आणि शहरातल्या रविवाराची गोडी सांगताना तो विसरणे अन्यायाचे होईल. तिथे शाळेची खोली तीच उपासनेची खोली, आणि शिक्षक तोच उपदेशक. ख्रिस्ती झाला म्हणून महाराची येसकरी सुटत नसे. वेशीची राखण, सरकारी कामाचा सांगावा, मेलेले जनावर ओढणे, यांना रविवार ठाऊक नव्हता. गावचा बाजार रविवारी असेल तर माणसे बाजारात. म्हणून कित्येक गावी उपासना दिवेलागणीला होई, दिवसभराची अंगमेहनत करून आलेल्या माणसांची. अर्पणात पैसा थोडा. स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकी आणि आठवड्याचे साठलेले ते धान्य मंडळीत आणी. हंगामाच्या सणाला कणसे, भोपळे, अंडी, एखादे कोंबडे येई आणि त्यांचा तिथेच लिलाव होई. पाळकाचा पगार मंडळीने स्वतः द्यावा, मिशनच्या पैशावर जगू नये, हा विचार त्या काळात जोर धरत होता. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यावर खूप लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. मडक्यातल्या मुठीवर मात्र कोणी लिहिलेले नाही. माझ्या मते स्वावलंबनाचा पहिला धडा त्या मडक्यात होता.

आता एक खंत सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या आणि कारभाराच्या नोंदवह्या पाहायला गेलो. कपाट होते. वह्या नव्हत्या. वाळवी लागली म्हणून रंगकामाच्या वेळी त्या रद्दीत गेल्या, असे सांगण्यात आले. सांगणाऱ्याला मी दोष देत नाही; त्या वह्यांत काय असते हे आम्ही इतिहासाच्या लोकांनी त्याला कधी सांगितलेच नव्हते. त्यांत पंचांची भांडणे असतात. दारू पिऊन आलेल्या सभासदाला किती दिवस प्रभुभोजनापासून दूर ठेवले ते असते. नवऱ्याने मारले म्हणून मंडळीपुढे उभ्या राहिलेल्या बाईची तक्रार असते, आणि खाली तिचा अंगठा.

कागद गेले तरी कंठ अजून काही उरले आहेत. ‘उपासनासंगीता’त गायनावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या पदाचा नुसता पहिला तुकडा छापलेला असतो. ते पद एके काळी सगळ्यांना येई, म्हणून एवढे पुरे होते. आज ते मूळ पद कोणालाच येत नाही, तेव्हा छापील शब्द हातात असून चाल हरवते. माझी आजी अशा कितीतरी चाली म्हणे. मी त्या वेळी ऐकल्या, टिपल्या नाहीत.

म्हणून उद्या सकाळी, पहिल्या सत्राच्या आधी, मागच्या खोलीत आम्ही दोघे-तिघे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी असेल त्यांनी त्यांना घेऊन यावे. पूर्ण गायन येत नसेल तरी चालेल. एक कडवे, अर्धे कडवे, नुसता आलाप आला तरी घेऊ. पेटी आणि टाळ तिथे ठेवले आहेत.