शहरांतील सायकल : चौकट आणि ब्रेक

सायकल विकत घेण्यास निघालेल्या मनुष्याची नजर दुकानांत शिरतांच प्रथम रंगाकडे जाते, मग गिअरांच्या संख्येकडे आणि शेवटीं किंमतीच्या चिठीकडे. ही सायकल अंगाला बसेल काय, आणि भर पावसांत ती हवी तेथें थांबेल काय, हे दोन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहींत. वस्तुतः शहरांत रोज कामावर किंवा शाळेंत जाणाऱ्याचें सुख आणि जीवित याच दोन प्रश्नांवर अवलंबून असतें. पहिल्याचें उत्तर चौकटींत आहे, दुसऱ्याचें ब्रेकांत. पैसा बेताचा असेल तर तो आधीं या दोन ठिकाणीं खर्चावा. उरला तर शोभेचा विचार करावा.

१८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची सायकल पुढें आणली. तिचें मागचें चाक साखळीनें फिरत असे, व स्वार दोन चाकांच्या मध्यें सुरक्षित उंचीवर बसत असे. तिच्यापासून थोड्याच वर्षांत नळ्यांच्या दोन त्रिकोणांची चौकट रूढ झाली, ती आजतागायत टिकून आहे. याचें कारण भूमितींत आहे. चौकोन कोपऱ्यांत दाबला असतां तिरका होतो; त्रिकोणाचा आकार मात्र त्याची बाजू वांकल्यावांचून किंवा तुटल्यावांचून बदलत नाहीं.

चौकट पोलादाची घ्यावी कीं ॲल्युमिनियमची, हा आजच्या गिऱ्हाइकापुढील पहिला पेंच. ॲल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी. म्हणून त्याच्या नळ्या जाड कराव्या लागतात, आणि तयार चौकटींतील वजनाचा फरक वाटतो तितका मोठा राहत नाहीं. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तें तडकल्यास नाक्यावरच्या कारागिराच्या हातून नीट जोडलें जात नाहीं. पोलादाची चौकट जड खरी, पण ती सहसा एकदम दगा देत नाहीं, आणि साधा जोडकाम करणाराही तिला पुन्हां उभी करूं शकतो. तिचा शत्रु एकच, गंज. पावसाळ्यांत सायकल आडोशाला ठेवणें आणि सोललेल्या रंगावर वेळींच हात फिरविणें, एवढ्यानें तो पुष्कळसा आवरतो. जिना चढून सायकल घरांत न्यावी लागत असेल तर ॲल्युमिनियम बरें; एरव्ही बेताच्या पैशांत पोलाद शहाणपणाचें.

धातूहून महत्त्वाचें माप. चौकटीचा आडवा दांडा दोन पायांमध्यें घेऊन, दोन्ही टांचा जमिनीला टेकवून उभें राहावें. दांडा आणि शरीर यांत एक-दोन इंच मोकळी जागा राहिली तर चौकट योग्य. मुलगा वाढतो आहे म्हणून २२ इंचांच्या ऐवजीं २४ इंची चौकट घेणारे आईबाप पुष्कळ. वाढत्या अंगाचा सदरा खुशाल शिवावा. वाढत्या अंगाची सायकल घेऊं नये. सदरा ढगळ झाल्यानें कोणी बसखालीं सांपडत नाहीं. साडी नेसणाऱ्या स्त्रियांस, गुडघे दुखणाऱ्या वृद्धांस आणि मागें ओझें बांधणाऱ्यांस आडव्या दांड्यावांचूनची, पाय सहज पलीकडे जाईल अशी चौकट सोयीची.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. चौकट निवडली कीं ब्रेकही बहुतांशीं ठरून जातो. १९९६ सालीं शिमानो या जपानी कारखान्यानें बाजारांत आणलेला 'व्ही ब्रेक' बसविण्यास चौकटीला व पुढच्या चिमट्याला खुंट्या जोडलेल्या लागतात. डिस्क ब्रेकला वेगळी बैठक लागते. खुंट्या नसलेली चौकट स्वस्त म्हणून घेतली आणि मागाहून चांगला ब्रेक लावूं म्हटलें, तर तो बेत फसतो.

जुन्या काळ्या सायकलींचा सळयांचा ब्रेक रिमेला आंतून दाबतो. तो वर्षानुवर्षें टिकतो. पण चकचकीत पोलादी रिम भिजली कीं त्याचीं रबरें घसरूं लागतात. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर श्रावणांतल्या सरींत ज्यानें अशी सायकल हांकली असेल, त्यास हें सांगणें नको. रिम ॲल्युमिनियमची असेल तर ओल्यांतही रबराची पकड पुष्कळ बरी राहते. म्हणून चांगल्या ब्रेकबरोबर ॲल्युमिनियमची रिम मागून घ्यावी. चांगला डिस्क ब्रेक पावसांत सर्वांहून सरस, यांत शंका नाहीं. परंतु स्वस्त सायकलीवरील हलक्या प्रतीचा डिस्क वांकतो, घासतो, आणि त्याच्या तबकडीला बसणारे नेमके ब्रेकपॅड प्रत्येक दुकानांत मिळत नाहींत. त्याच किंमतींत साधा व्ही ब्रेक अधिक इमानी.

ब्रेक कोणताही असो, तो दोन्ही चाकांना हवा. ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारी सायकल एका सेकंदांत साडेपांच मीटर पुढें सरकते. पुढें कोणी आडवें आलें हें कळून ब्रेक दाबेपर्यंतच एवढें अंतर संपून जातें. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर सायकल सुमारें तीन मीटरांत थांबते. केवळ मागचा लागला तर सुमारें सहा मीटर लागतात. थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो व मागचें चाक हलकें होऊन घसरतें, हें त्याचें कारण. पुढच्या ब्रेकनें माणूस उलटून पडतो, या भीतीनें तो ढिला ठेवणारे आपलें निम्मे रक्षण सोडून देतात. तो हिसक्यानें न दाबतां चढत्या जोरानें दाबावा. पावसांत थांबण्याच्या जागेआधीं ब्रेक दोनदां हलकेच लावावा, म्हणजे रिमेवरचें पाणी पुसलें जातें.

जुनी सायकल घेणें हें मुळींच कमीपणाचें नाहीं. पण ती पारखून घ्यावी. हँडलाच्या मागें, जेथें दोन नळ्या पुढच्या आंखूड नळीला मिळतात, तेथें खालून बोट फिरवावें. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल कोठें तरी समोरून आदळलेली आहे असें समजावें. मागें उभें राहून दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत काय, तें पाहावें. मग ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबावी. ती मुठीला टेकली तर तार किंवा रबरें बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करण्यास सांगावें.

दुकानदार वेगाचें वर्णन करील, तें त्याचें कामच आहे. शहरांत वेग सिग्नल ठरवितो, गर्दी ठरविते आणि खड्डे ठरवितात. थांबणें मात्र स्वाराच्या हातीं असतें, आणि तेवढ्यासाठीं चार पैसे अधिक द्यावे लागले तर ते खर्चांत न मांडतां बचतींत मांडावे.