‘चार्ज होत नाही’ एवढं सांगून भागत नाही: इ-कार, वॉरंटी आणि जॉब कार्ड

आजचा भाग आहे इ-कार घेतलेल्यांसाठी आणि घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी. विषय: रात्री गाडी चार्जिंगला लावली, सकाळी बघितलं तर टक्के तेवढेच. मग सर्व्हिस सेंटर, मग ‘पार्ट यायचाय मॅडम’, मग फोनवर फोन.

पेट्रोलची गाडी बिघडली तर नाक्यावरचा गॅरेजवाला बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि काहीतरी मार्ग काढतो. बहुतेक इ-कारमध्ये तीनशेच्या वर व्होल्टची बॅटरी असते. ट्रेनिंग नसलेल्या माणसाने तिथे हात घालूच नये. म्हणजे आपल्याला कंपनीशिवाय पर्याय नाही, आणि म्हणून कंपनीशी बोलायचं कसं हे शिकावं लागतं. माझा अनुभव असा, की वॉरंटीच्या कामात खरा वेळ दुरुस्तीत जात नाही. तो जातो ‘बिघाड आहे की नाही, आणि कोणाचा’ हे ठरण्यात. हे ठरवण्याचं अर्धं काम आपण घरी करू शकतो.

आधी दोन मिनिटं थिअरी, कंटाळू नका. घरच्या सॉकेटमध्ये येते एसी वीज आणि बॅटरीत साठते डीसी. एसीचं डीसी करणारा डबा गाडीच्या आत असतो, त्याला ऑन-बोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवर आपण जो ‘चार्जर’ लावतो तो खरं तर हुशार स्विच असतो. तो अर्थिंग तपासतो, किती अँपिअर देऊ शकतो ते गाडीला सिग्नलने कळवतो आणि मग वीज सोडतो. हायवेवरच्या फास्ट चार्जरचं वेगळं आहे. तिथे एसीचं डीसी स्टेशनच्या कपाटातच होतं आणि वीज थेट बॅटरीकडे जाते. गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर त्यात येतच नाही.

हे कळलं की निदान सोपं होतं. बघा:

घरी चार्ज होत नाही, पण ऑफिसच्या एसी चार्जरवर होतं? मग गाडी बहुतेक ठीक आहे. संशय घरच्या वायरिंगवर, नाहीतर घरच्या चार्जरवर.

कुठल्याच एसी चार्जरवर होत नाही, पण डीसीवर व्यवस्थित होतं? मग संशय ऑन-बोर्ड चार्जरवर.

एकाच डीसी स्टेशनवर अडतं, बाकी सगळीकडे होतं? ते स्टेशन, नाहीतर त्यांचं ॲप. सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही.

एसी, डीसी दोन्ही नाही, तेही तीन-चार ठिकाणी? मग गाडीचा चार्जिंग पोर्ट, बॅटरीचं कंट्रोल युनिट, किंवा साधी १२ व्होल्टची बॅटरी. हो, इ-कारमध्येही ती छोटी बॅटरी असते. गाडीचे कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

आणि एक गोष्ट बिघाड नसते. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग कमी होतो. ते बॅटरी जपण्यासाठी मुद्दाम केलेलं असतं.

आता घरच्या वायरिंगबद्दल, कारण आपल्याकडे खूप तक्रारी तिथेच सुरू होतात. ३.३ किलोवॉटचा पोर्टेबल चार्जर म्हणजे साधारण १४-१५ अँपिअर, आणि तेही सलग आठ-दहा तास. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. त्यामुळे स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, चांगला १६ अँपिअरचा सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नको. तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम लागला तर चार्जिंग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला सांगा, ‘न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोज, लोड चालू असताना.’ तो दोन-चार व्होल्टच्या आसपास असायला हवा. त्याहून बराच जास्त आला तर चार्जर नाही म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

इथे एक जुगाड चालतो, तो कृपया करू नका. अर्थिंग नसेल तर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो. पण कधी न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो. पावसात ओल्या पायाने दाराला हात लावणारं तुमच्या घरातलंच कोणीतरी असेल. सोसायटीत जनरेटरवर चार्ज होत नसेल तरी कारण बहुधा हेच असतं: त्याचं न्यूट्रल अर्थिंगला नीट जोडलेलं नसतं. तेही काम इलेक्ट्रिशियनचं, जुगाडाचं नाही.

आता माझ्या गाडीचं सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा तो नाही. घरी लावली की वीस-पंचवीस मिनिटांत चार्जिंग आपोआप बंद. सर्व्हिस सेंटरने दहा मिनिटं लावून बघितली, चालली, आणि जॉब कार्डवर लिहिलं ‘प्रॉब्लेम आढळला नाही’. त्या आठवड्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या फेऱ्या चालू होत्या. हप्ता गाडीचा भरायचा आणि फिरायचं कॅबने.

आमच्या कामात ‘ॲप चालत नाही’ असा बग कोणी टाकला तर तो पाच मिनिटांत परत जातो. कुठल्या फोनवर, कुठलं बटण दाबल्यावर, काय दिसलं, हे लागतं. मी तेच केलं. नऊ वेळा चार्ज करून तक्ता बनवला: तारीख, ठिकाण, एसी की डीसी, सुरुवातीचे टक्के, कितव्या मिनिटाला बंद, स्क्रीनवर काय आलं. घर आणि ऑफिस, दोन्हीकडे एसीवर बंद. तीन डीसी स्टेशनांवर व्यवस्थित. आणि बंद व्हायची वेळ दर वेळी वीस ते तीस मिनिटांच्या मध्ये, म्हणजे काहीतरी तापल्यावर. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नव्हतं.

तो एक पानी तक्ता आणि दोन व्हिडिओ ईमेल केले आणि सांगितलं, ‘एसीवर किमान एक तास लावून, लॅपटॉप जोडून ठेवा.’ अठ्ठाविसाव्या मिनिटाला बंद पडली, फॉल्ट कोड नोंदला गेला आणि ऑन-बोर्ड चार्जर बदलायचं ठरलं.

तरी पहिल्या जॉब कार्डपासून दुरुस्तीपर्यंत ३३ दिवस लागले. हा डबा सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. डीलरला आधी कंपनीची मंजुरी लागते, मग पार्ट येतो. पण त्या ३३ दिवसांत गाडी तिथे उभी होती फक्त १२ दिवस. बाकी दिवस ती माझ्याकडे होती, कारण डीसीवर चार्ज होत होती. चालवणं सुरक्षित आहे का, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलं आणि पार्ट आल्यावर बोलवा म्हणून गाडी घेऊन आले. फास्ट चार्जिंग महाग पडलं, पण कॅबपेक्षा स्वस्त. बॅटरीचा किंवा इन्सुलेशनचा इशारा असेल तर मात्र असं करू नका, गाडी तिथेच ठेवा.

आता जॉब कार्ड. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘चार्जिंग इश्यू’ एवढंच नको. ‘एसीवर २०-३० मिनिटांनी बंद, दोन ठिकाणी, डीसीवर ठीक’ असं. गाडी दिल्याची तारीख, फॉल्ट कोड आणि पार्ट मागवल्याची तारीख लेखी मागा. ‘प्रॉब्लेम आढळला नाही’ असं लिहिलं तरी ती प्रत जपून ठेवा. वॉरंटी संपायला महिना राहिला असेल, तर आज नोंदवलेली तक्रार वॉरंटीतली आहे, याचा पुरावा तोच कागद. फोनवर बोलणं झालं की लगेच दोन ओळींचा ईमेल टाका: ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं.’ भांडायचं नाही, नोंद ठेवायची.

एवढं करूनही कोणी हलत नसेल तर? आधी डीलर आणि कंपनी, दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा. डीलर आणि कंपनी वेगळ्या असतात, म्हणून टोलवाटोलवी होते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ती कोर्ट नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि बरेचदा तिथेच फोन यायला लागतात. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी. ५० लाखांपर्यंत किंमत दिली असेल तर जिल्हा आयोग चालतो. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. आणि तिथे पहिल्यांदा विचारतात कागद: जॉब कार्ड, ईमेल, तारखा.

शोरूममध्ये मेकॅनिकला टेन्शन देऊ नका, तोही बिचारा वरून मंजुरी येण्याची वाट बघत असतो. त्याला असा कागद द्या, की तो वर पाठवला तर वरच्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही.

कोणाची गाडी आत्ता सर्व्हिस सेंटरमध्ये अडकली असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि गाडी ठीक चालत असेल तर या रविवारी एक काम करा: इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!