लंडन किती लांब?

आज आम्ही लांबच्या प्रवासाविषयी बोलणार आहोत. मुंबईहून लंडन आकाशमार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर दूर आहे. एअर इंडियाचे लंडनला जाणारे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून सुटले. कैरो, जिनिव्हा असे मुक्काम घेत ते १० जूनला पोहोचले. आता विमान मध्ये न थांबता सुमारे दहा तासांत जाते.

तिकीट वाचताना मात्र गल्लत होते. समजा, थंडीच्या दिवसांत विमान रात्री दोनला सुटते आणि सकाळी साडेसहाला उतरते. मग प्रवास साडेचार तासांचाच का? छे! सुटण्याची वेळ मुंबईची, उतरण्याची लंडनची. लंडन पश्चिमेला आहे. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, तिकडे मागाहून. थंडीत तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. साडेचारात साडेपाच मिळवा. झाले दहा तास!

आपला मुलगा त्या विमानात असेल, तर इथे साडेसहा वाजताच फोनची वाट पाहून जिवाला घोर लावून घेऊ नका. तो अजून आभाळातच आहे. तो उतरेल तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतील.

म्हणून तिकिटावर वेळ वाचली, की शेजारचे गावाचे नावही वाचावे.