डाळीचा दर्जा आणि गिरणीची वही



मुरुडच्या बाजारात येणारी तूर आपण सर्वांनी पाहिली आहे. लातूरच्या गिरण्यांत तिची डाळ होते आणि ती कोठकोठच्या घरांत शिजते. म्हणून दर्जा या विषयावर बोलताना मी परदेशी कारखान्यांपेक्षा डाळीचेच उदाहरण घेतो.

दर्जा म्हटला की आपणांस शिक्का आठवतो. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ चा. 'अ‍ॅगमार्क' त्यातूनच आला. भेसळविरोधी कायदा १९५४ चा. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. पण पोत्यातून मूठभर डाळ काढली, ती निर्दोष ठरली, तर उरलेल्या पोत्यांची हमी कोणी द्यावी?

अमेरिकेत १९६० च्या सुमारास अंतराळवीरांचे अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनीपुढे हीच अडचण आली. पुरती खात्री करायची तर बहुतेक माल तपासण्यातच संपे! तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. धोका कोणत्या टप्प्यावर शिरतो ते शोधायचे, तेथेच मर्यादा घालायची आणि नोंद ठेवायची. या पद्धतीला 'हॅसेप' म्हणतात. आपल्या देशाला तिची निकड १९९७ साली कळली. त्या वर्षी युरोपने भारतीय मासळीची आयात रोखली आणि कारखान्यांना आपली कामाची रीतच बदलावी लागली.

आता गिरणीत चला. तूर चाळतात, रोलरवर ओरखडतात, तेलपाणी लावून मुरवतात, वाळवतात, मग भरडतात. चाळणीत खडा राहू शकतो. वाळवण अपुरे झाले तर बुरशी धरते. उघड्या वाळवणावर उंदीर-पाखरे येतात. रोलरचा लोखंडी कण मालात जाऊ शकतो. त्याला चुंबक पुरते. शेवटी चकाकीचा मोह! डाळीला रंग देण्यास कायद्याने मनाई आहे, तरी मेटॅनिल यलो हा घातक रंग लावणारे सापडतात. डाळीच्या धुवणात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ते जांभळट गुलाबी झाले, तर या रंगाचा संशय घ्यावा. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर सहज होते.

लहान गिरणीवाला म्हणेल, एवढा खर्च कोठून आणू? त्याचे म्हणणे खोटे नाही. प्रमाणपत्राची फी, सल्लागाराची फी त्याला जड जाते, आणि भिंतीवर लावलेल्या कागदाने डाळ सुधारतही नाही. पण वहीला काय लागते? तूर कोणाची, कोणत्या दिवशी आली, ओल किती, चाळणी कोणी तपासली, डाळ किती, चुनी किती. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. चुनी कोणत्या दिवशी वाढली हे वही दाखवते, म्हणजे खराब वाळवण किंवा झिजलेला रोलर वेळीच सापडतो. तक्रार आली तरी सगळा माल परत न घेता त्या एका दिवसाचीच पोती मागे घेता येतात.

ही वही लिहिण्यास रसायनशास्त्र शिकलेली मुले-मुली हवीत. ती आपल्या वर्गांत बसलेली आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांना एकदा गिरणीत न्यावे आणि गिरणीमालकांनी दार उघडावे, एवढीच आज माझी दोघांनाही विनंती आहे.